घाईचं पेट्रोल

पेट्रोल पंपावर मशीनचे आकडे पळत असतात आणि आपल्या तोंडून सहज निघून जातं, "बघ, तुझ्या क्लासपायी महिन्याला किती पैसे जातात ते!" आपण रागावलेलो नसतो. मूल ऐकतंय हेही धड ध्यानात नसतं. महिनाअखेर आलेली असते, गाडीचा हप्ता डोक्यात असतो, आणि मनातली काळजी मोठ्यानं बोलली जाते, एवढंच.

मागच्या सीटवरचं मूल मात्र ते ऐकतं. आपण विसरून जातो, ते विसरत नाही.

आमच्या कॉलनीतल्या सहावीच्या एका मुलानं मध्यंतरी आईला विचारलं, "मम्मी, मी तबल्याला जाणं सोडलं तर पेट्रोल किती वाचेल?" तबला म्हणजे त्याचा जीव की प्राण. डबा, टेबल, दप्तर, हाताला लागेल त्यावर बोटं चालू असतात. आईनं त्याला क्लास सोड असं कधी म्हटलं नव्हतं. पण पंपावर, शेजाऱ्यांशी बोलताना, रात्री जेवताना पेट्रोलचा विषय निघायचा. तो सगळा त्यानं मनात गोळा केला आणि आपल्याच नावावर मांडला. हे मला सांगताना त्या माउलीला शब्द फुटेना. "सांग सगळ्यांना," असं तीच म्हणाली, म्हणून इथं सांगते.

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. पेट्रोल वाचवायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण ते काम स्टिअरिंगवर बसलेल्याचं आहे, मागे बसलेल्याचं नाही. आणि खरं सांगू का, नीट पाहिलं तर त्यातलं बरंचसं मुलापायी जळतच नाही. ते आपल्या घाईपायी आणि आपल्या काळजीपायी जळतं.

आमचं दीपनगर म्हणजे भुसावळच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. महामार्गाला लागून, भुसावळ आणि वरणगावच्या मधे. कॉलनीत झाडी आहे, रस्ते आहेत, शेजार चांगला आहे. पण मोठी शाळा, गणिताचा क्लास, पोहण्याचा तलाव, डोळ्यांचा डॉक्टर, काही म्हटलं की भुसावळ, आणि त्याहून मोठं काही असलं की जळगाव. घरातला एक माणूस प्लांटमध्ये शिफ्टला. आज फर्स्ट, उद्या सेकंड, परवा नाइट. मग गाडीची किल्ली उरलेल्याच्या हातात, आणि उरलेल्याला स्वयंपाक, धुणं, म्हाताऱ्यांची औषधं, कधी स्वतःची नोकरीही. तुमचं गाव दुसरं असेल, धावपळ हीच असणार.

पैशांचं आधी बोलून घेऊ, कारण रात्री झोप उडते ती त्यानंच.

समजा शाळा नऊ किलोमीटरवर आहे. सकाळी सोडायला जायचं, परत यायचं. दुपारी आणायला जायचं, परत यायचं. झाले छत्तीस किलोमीटर. गाडी लिटरला पंधरा देत असेल तर दिवसाला जवळजवळ अडीच लिटर. लिटरचे 105 रुपये धरले तर दिवसाचे अडीचशे आणि शाळेच्या चोवीस दिवसांचे सहा हजार. संध्याकाळचा क्लास यात धरलेलाच नाही. 2021 साली पेट्रोलनं शंभरी ओलांडली तेव्हा आपण सगळे हबकलो होतो. आता त्या आकड्याची सवय झाली आहे, पण खिशाला ते अजून लागतंच.

आता हाच हिशेब मुलाच्या बाजूनं मांडून पाहा. चार फेऱ्यांपैकी मूल गाडीत असतं ते दोनदाच. सकाळी सोडून येताना गाडी रिकामी, दुपारी आणायला जाताना रिकामी. म्हणजे त्या सहा हजारांतले तीन हजार मोकळी गाडी पळवण्यात गेले. शेजारच्या घरातलं मूल त्याच शाळेत जात असेल तर एकानं सकाळी आणि दुसऱ्यानं दुपारी जायचं, की दोन्ही घरांचा खर्च थेट अर्ध्यावर. यासारखी बचत दुसऱ्या कशातच नाही. टायरची हवा, इंजिन ऑइल, गिअर सगळं नंतर.

हे आपल्याला कळत नाही असं थोडंच आहे? कळतं. पण अडतं ते मनात. "उगाच कुणाच्या उपकारात कशाला?" "त्यांचं मूल उशिरा तयार होतं." "माझं ड्रायव्हिंग त्यांना आवडेल का?" "काही झालं तर?" यातल्या प्रत्येक शंकेला अर्थ आहे. दुसऱ्याचं मूल आपल्या गाडीत बसवणं ही जोखीमच वाटते. त्यावर शेवटी बोलू, कारण ते नाजूक आहे.

त्याआधी सकाळ.

सकाळी पावणेसातला आपल्या घराघरांत काय चालतं ते सांगायला नको. एक मोजा सापडत नाही. पाण्याची बाटली भरायची राहिली. वहीवर सही हवी असल्याचं आत्ता आठवलं. "चल, चल, चल ना लवकर!" हे वाक्य आपण दिवसातून जितक्यांदा म्हणतो तितक्यांदा दुसरं कुठलंच म्हणत नसू. मग गाडीत बसल्यावर ती सगळी घाई आपल्या उजव्या पायात उतरते. पहिल्या गिअरमध्ये गाडी ओरडते, बल्करच्या मागे गचकन ब्रेक, मग ओव्हरटेक, मग पुन्हा ब्रेक. आमच्याकडे हायवेला राखेचे बल्कर आणि केळीचे ट्रक कायम असतात, त्यामुळे हे रोजचंच.

यातून मिळतं काय? ताशी साठनं नऊ किलोमीटरला नऊ मिनिटं लागतात. ऐंशीनं गेलं तर पावणेसात. तेही रस्ता रिकामा मिळाला तर. म्हणजे सगळी ओढाताण सव्वादोन मिनिटांसाठी. आणि भुसावळच्या नाहाटा चौफुलीच्या गर्दीत ती सव्वादोन मिनिटं परत दिलीच जातात.

पेट्रोलचं म्हणाल तर वेग जसा वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की त्याआधी पेट्रोल जाळून कमावलेला वेग आपण ब्रेकच्या उष्णतेत घालवतो. पुढचा ट्रक हळू होताना लांबूनच दिसला, तेव्हाच पाय उचलला, तर ब्रेक दाबायची वेळच पुष्कळदा येत नाही. पेट्रोल कंझर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही पेट्रोलियम मंत्रालयाची संस्था 1978 पासून हेच सांगत आली आहे: पंचेचाळीस ते पंचावन्नच्या आसपास एकसारख्या वेगानं चालवा, थांबल्यावर इंजिन बंद करा, टायरची हवा बघा. हायवेला पंचावन्ननं जाणं दरवेळी जमत नाही, मागचा ट्रक हॉर्न मारून हैराण करतो. पण साठ-पासष्टला डाव्या लेननं शांतपणे जाता येतं.

म्हणून मला वाटतं, पेट्रोल वाचवायला सुरुवात रात्री नऊला करावी. दप्तर भरून दाराशी. मोजे बुटांत. सही रात्रीच. बाटली भरून फ्रिजवर. हे काम मुलाकडे सोपवलं तर पहिले काही दिवस काहीतरी राहील, मग बसेल अंगवळणी. सकाळी दहा मिनिटं हाताशी राहिली की पाय आपोआप हलका पडतो. आणि मूल शाळेच्या फाटकात शिव्या न खाता उतरतं. दिवसाची सुरुवात रडवेल्या तोंडानं झालेल्या मुलाला पहिल्या तासाचं काही कळत नाही, हे शिक्षक मैत्रिणी मला नेहमी सांगतात.

आमच्या शेजारच्या आजी वरणगावच्या. सकाळची आरडाओरड ऐकली की गॅलरीतून म्हणतात, "पोराले कायले रागावते वं?" त्या रागावत नाहीत, नुसतं विचारतात. उत्तर मात्र कुणालाच देता येत नाही.

गाडी लागणारी मुलं असतात ना, त्यांच्याबद्दल मला वेगळं बोलायचं आहे. ही मुलं गाडीत बसायच्या आधीच चेहरा पाडतात. आपण ओवा देतो, लिंबू हुंगायला देतो, काळी पिशवी हाताशी ठेवतो, आणि कधी कधी वैतागून "तुझं हे नेहमीचंच" असंही म्हणतो. त्या मुलाला आधीच लाज वाटत असते. पण गाडी लागण्याला मोठं कारण असतं ते हिसके: अचानक पिकअप, अचानक ब्रेक, वळणावर झोकांडी. पेट्रोल खाणारीही हीच तीन. म्हणजे पोटातलं ढवळणं आणि टाकीतलं कमी होणं दोन्ही एकाच पायाच्या हातात आहे. गिअर लवकर वरचा टाकला, वेग हळूहळू चढवला, वळणाआधीच कमी केला, की मुलाला बरं वाटतं. नजर बाहेर लांब ठेवायला सांगावं, मोबाइल हातात देऊ नये. ज्या घरात असं मूल आहे त्या घरानं मायलेज बघायला डॅशबोर्डकडे बघूच नये, आरशातून मुलाच्या तोंडाकडे बघावं.

एक समजूत मात्र मोडायला हवी, कारण ती जिवावर बेतू शकते. चाळीसगाव-कन्नडचा घाट तुम्ही उतरला असाल. वेरूळ करून परत येताना उतार लागला की पुष्कळ जण गाडी न्यूट्रल करतात. "पेट्रोल वाचतं," असं वडीलधाऱ्यांनी शिकवलेलं असतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांच्या काळातली ती गोष्ट. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला जाणारं पेट्रोल जवळपास बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. आणि इंजिनाचा जो रोध गाडीला धरून ठेवतो तो सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात. मुलं हे बघत असतात. आणखी दहा वर्षांनी तीच मुलं तो घाट उतरणार आहेत.

आता क्लासबाहेरचं थांबणं.

संध्याकाळी भुसावळात जामनेर रोडला क्लास सुटायच्या आधी पाहा. गाड्यांची रांग, काचा बंद, एसी चालू, आत मोबाइलचा उजेड. सुटायला अजून अर्धा-पाऊण तास आहे. घरी जाऊन यावं तर तेवढंच पेट्रोल, आणि उतरून उभं राहावं तर ऊन. आमच्याकडचा मे महिना माहीत आहे ना? पंचेचाळीस अंश म्हणजे बातमीसुद्धा होत नाही. दिवसभर दमलेली आई त्या थंड गाडीत वीस मिनिटं डोळे मिटते, तर तिला काही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कदाचित सबंध दिवसात तिला मिळालेली तेवढीच एकटीची वेळ असेल.

तरी आकडा माहीत असावा. उभी गाडी तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते, एसी लावला की आणखी. आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास धरला तर महिन्याला हजार-बाराशे रुपये एकही किलोमीटर न चालता जातात. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्यात कमी पेट्रोल लागतं. तेव्हा त्या वेळात भाजी घ्या, बँकेचं काम उरका, जवळपास कुणी मैत्रीण असेल तर तिच्याकडे चहाला जा. नाही तर सावली बघून गाडी लावा, चारही काचा खाली करा आणि पाय मोकळे करा. आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या पालकानं थांबायचं ठरलं तर त्या दिवशी घरी आडवं होता येईल. गाडीतल्या झोपेपेक्षा ती झोप चांगली.

पण यात एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते. मूल गाडीत असेल तर पेट्रोल वाचवायला म्हणून उन्हात एसी बंद करून काचा लावून बसू नका. आणि "दोन मिनिटांत दूध घेऊन येते" म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवून जाऊ नका, झोपलेलं असलं तरी नाही. उन्हातल्या बंद गाडीतलं तापमान दहाच मिनिटांत दहाएक अंशांनी चढतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगानं तापतं. भुसावळच्या उन्हात ती दोन मिनिटं फार मोठी असतात. उचला, कडेवर घ्या, चिडचिड झाली तरी चालेल.

गाडी उन्हात तापली असेल तर आधी सगळी दारं उघडून गरम वाफ बाहेर जाऊ द्यावी. पहिली एक-दोन मिनिटं काचा खाली ठेवून चालवावं, मग एसी लावावा आणि आतलीच हवा फिरवायचं बटण दाबावं. गावात हळू चालवताना, हवा बरी असेल तेव्हा, काचा खाली ठेवल्या तरी भागतं. हायवेला वेगात मात्र काचा उघड्या ठेवल्या की हवेचा विरोध वाढतो, तिथे एसीच बरा.

वीज केंद्राच्या कॉलनीत राहणाऱ्यांना खरं तर हे सगळं मी सांगायची गरज नाही. एक युनिट वीज काढायला किती उष्णता लागली, त्याचा हीट रेट तिथे रोज मांडला जातो. थंड पडलेला बॉयलर पेटवताना कोळशाच्या आधी तेल जाळावं लागतं, तासन् तास जातात, म्हणून संच सारखा बंद-चालू होणं तिथे कुणालाच नको असतं. नवा 660 मेगावॅटचा संच सुपरक्रिटिकल आहे, तेवढ्याच विजेला तो कोळसा कमी घेतो, हे आमची शाळकरी मुलंसुद्धा अभिमानानं सांगतात. आणि प्लांटमधली तीच मंडळी घरी आली की कॉलनीतल्या कॉलनीत, किराणा दुकानापर्यंत, मुलाला बागेत सोडायला गाडी काढतात!

गाडीच्या इंजिनालाही कोल्ड स्टार्ट असतो. थंड इंजिन पेट्रोल जास्त घेतं, आणि ते गरम होईस्तोवर आपण पोचलेले असतो. गार इंजिनानं केलेल्या चार-पाच छोट्या फेऱ्या तेवढ्याच अंतराच्या एका लांब फेरीच्या दुप्पट पेट्रोल खाऊ शकतात. म्हणून भुसावळची कामं एका फेरीत गुंफावीत. आणि कॉलनीतलं काम असेल तर मुलाच्या हातात पिशवी द्यावी आणि पाठवावं.

हे शेवटचं आपल्याला जमत नाही. माझ्या लहानपणी सात-आठ वर्षांची पोरं गिरणीवर जाऊन दळण आणायची. आता बारा वर्षांच्या मुलाला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला पाठवताना आपला जीव वरखाली होतो. कुत्री, गाड्या, अनोळखी माणसं. भीती खोटी नाही. पण गेटच्या आत, ओळखीच्या घरांमधून, दिवसाउजेडी सायकलवर जाणं हे त्या वयाला हवंच असतं. मूल परत येतं तेव्हा त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं. कुणाच्या घरी मांजरीला पिल्लं झाली, कुणाची सायकल पंक्चर झाली. गाडीनं आणून सोडलेल्या मुलाला विचारा, "काय काय झालं आज?" "काही नाही."

मोठी मुलं, नववी-दहावीची, त्यांचं वेगळं. त्यांच्याकडे गाडीची किल्ली देऊन मोकळं व्हावं असं दमलेल्या आईबापांना फार वाटतं. "अॅक्टिवा घेऊन जा, पेट्रोल कमी लागेल, माझीही फेरी वाचेल." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी नका देऊ. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन मिळत नाही. पण कायदा बाजूला ठेवा. आमच्या हायवेवर बल्करच्या चाकाशेजारून जाणारं सोळा वर्षांचं पोर डोळ्यासमोर आणा. तेवढं पुरे.

त्या वयाच्या मुलांना एसटी आणि रेल्वे पूर्ण झेपते. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठीचा एसटी प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत आहे, मुलांनाही पासात मोठी सवलत आहे, आणि मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट लागतं. जळगावच्या क्लासला जायचं तर भुसावळसारखं जंक्शन हाताशी असताना रोज गाडी काढायची गरज नाही. पहिले काही दिवस सोबत जावं, कुठे उतरायचं, गाडी चुकली तर कुणाला फोन करायचा हे दाखवावं. मग एक दिवस त्याला एकट्याला जाऊ द्यावं आणि घरी बसून घड्याळाकडे बघावं. ते बघणं सगळ्याच आईबापांच्या वाट्याला कधी ना कधी येतं.

मुलांना या सगळ्यात घ्यावं की नाही? घ्यावं, पण कसं ते बघावं. शाळांमधून इंधन बचतीवर निबंध आणि चित्रांच्या स्पर्धा होतात. मुलं त्यात झाड काढतात, पृथ्वी काढतात, एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असं लिहितात. मग शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिलेल्या चालू गाडीत येऊन बसतात. ती बोलत नाहीत, पण त्यांना दिसतं.

त्यांना वही द्या. टाकी फुल्ल केली की किलोमीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल केली की किती लिटर बसलं ते लिहायचं, किलोमीटरला लिटरनं भागायचं. चौथीपासूनच्या मुलांना हे मनापासून आवडतं. महिन्यातून एकदा टायरची हवा तपासायला पंपावर गेलं की आकडा त्यांनाच वाचू द्या. दाराच्या कडेला कंपनीनं लिहिलेला आकडा आणि मशीनवरचा आकडा जुळतो का ते तीच बघतील. हवा टायर गार असताना बघायची, हेही तीच आपल्याला आठवण करतील. डिकीत पडून राहिलेली क्रिकेटची किट, मागच्या लग्नातल्या सतरंज्या उतरवायला सांगा. मायलेज वाढलं तर आनंद त्यांचा. कमी झालं तर कारण शोधायचं आपण सगळ्यांनी. कदाचित ई-20 पेट्रोलमुळे थोडं घटलं असेल, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. कदाचित त्या महिन्यात पाहुण्यांना आणायला स्टेशनच्या फेऱ्या जास्त झाल्या असतील.

एवढं सांभाळायचं की त्या वहीत "तबला", "पोहणं", "मैत्रिणीचा वाढदिवस" असे रकाने पडू द्यायचे नाहीत. आकडा गाडीचा असावा, मुलाचा नाही. पैशांची खरीच ओढाताण असेल आणि एखादा क्लास बंद करावाच लागणार असेल, तर ते मुलाला समोर बसवून, नीट, आपल्या तोंडानं सांगावं: "सध्या आपल्याला हे परवडत नाही, हा निर्णय आमचा आहे, यात तुझी काही चूक नाही." मुलं असं ऐकून घेतात. रडतात थोडी, पण घेतात. पंपावरचं पुटपुटणं मात्र त्यांना उलगडत नाही, आणि न उलगडलेलं ती स्वतःवर घेतात.

आता शेजाऱ्यांशी मिळून गाडी करण्याचं बोलायचं राहिलं होतं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ठरवलेलं बरं, नंतर कुणालाच सवड नसते. दोन किंवा फार तर तीन घरं. सगळ्या मुलांना पट्टा मिळेल एवढीच मुलं, मांडीवर बसवून पाचवं नको. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण तो मुद्दा नाही. कोण कोणत्या वारी, उशीर झाला तर गाडीनं किती थांबायचं, आजारी पडलं तर आदल्या रात्री कळवायचं, हे सगळं आधीच बोलून घ्यावं. पैशांचं वाटप नकोच, वार वाटून घेतले की पुरे. "तुमचं ड्रायव्हिंग जरा फास्ट आहे, मुलं असताना हळू चालवाल का?" हे वाक्य म्हणायचा आणि ऐकायचा दोन्ही परवाना सगळ्यांकडे असावा. वहिनी, ताई, भाऊ म्हणून हक्कानं बोलणारी माणसं आहोत आपण, तेवढं जमेल.

आणि मुलाला विचारा. आपण मोठी माणसं आपल्या ओळखी बघून जोड्या लावतो, पण मागच्या सीटवर अर्धा तास एकमेकांशेजारी बसायचं असतं मुलांना. कुणीतरी रोज चिडवत असेल, डबा हिसकावत असेल, जाडेपणावरून बोलत असेल, तर ते मूल सांगणार नाही. त्याचं फक्त सकाळी पोट दुखायला लागेल. म्हणून पहिल्या आठवड्यानंतर, एकटं असताना, घाई नसताना विचारावं, "खिडकीशी कोण बसतं रे? तुम्ही काय बोलता गाडीत?" उत्तर ऐकून कधी बसायच्या जागा बदलाव्या लागतील, कधी जोडीच बदलावी लागेल. बदलावी. दुसरं घर मिळेपर्यंत महिनाभर गाडी एकट्यानं न्यावी लागली, तर तेवढं पेट्रोल खुशाल जळू द्यावं.